‘जा, पण जेवायला ये’ या वाक्याची मोहीम

समस्त रसिक दरबारास विदित व्हावे की, राजेशाही प्रेमपटाच्या मुलखात एका वाक्याचे रक्षणार्थ जे तुंबळ युद्ध जाहले, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरची भर घातली नाही, ते काम शिंप्यांनी आधीच उरकले होते.

युवराज आणि राजकन्या यांचे प्रेम, मग लढाई, मग ताटातूट, ऐसा मजकूर. निर्माते हुजुरांनी खजिना खुला केला आणि मखमल, जर, मोती यांच्या गाड्या स्टुडिओच्या फाटकातून आत लोटल्या आणि वेशभूषावाल्या बाईसाहेबांचा अंमल चहूकडे बसला. संवादलेखक म्हणोन एक सज्जन नेमिले होते, त्यांसी मुकुटांच्या खोक्याशेजारी खुर्ची मिळाली. कोणी मुकुट ठेवावयास आला की त्यांणी उठावे.

मग दिग्दर्शकसाहेबांचे फर्मान सुटले की, नवा पोशाख दिसेल तेथे संवाद नको, प्रेक्षकाची नजर ढळते. आणि पोशाख तर दर प्रसंगी नवा! तेणेकरोन युद्धाची मसलत गारद जाहली, बापलेकांचे भांडण कापले गेले, प्रेम मुळात का जडले हेही गेले, आणि राजकन्या जिना उतरू लागली. तिच्यामागे झग्याचा घोळ उतरे, तो पुरता उतरेपर्यंत मध्यंतर होई. लेखकांचे हाती निरोपाच्या प्रसंगातील एकच वाक्य उरले: ‘जा, पण जेवायला ये.’

हे वाक्य त्यांच्या कुटुंबाचे. लग्न नवे असता लेखक भांडोन घराबाहेर निघाले, तेव्हा बाईंनी दारातून एवढेच सुनावले होते, आणि स्वारी मुकाट परतली होती. तुझे वाक्य राजकन्येच्या तोंडी घालीन, ऐसा शब्द त्यांणी घरी दिला होता. बाकीचे अपमान गिळले, परंतु या वाक्यावर घाला आला तो गिळवेना.

दिग्दर्शक कडाडले, “अहो, राजकन्या आहे ती, खानावळवाली नाही! ‘माझ्या श्वासांचे साम्राज्य तुमच्या चरणी’ असलं काहीतरी द्या.”

“साहेब, माणूस लढाईला चाललाय,” लेखक म्हणाले. “तिला तो परत यायला हवाय. साम्राज्य कशाला देईल ती?”

अर्जी नामंजूर जाहली.

आता बाईसाहेबांचा शिरस्ता ऐसा की, झग्यास हुक दिसू नये म्हणोन तो सकाळी नटीच्या अंगावरच शिवावा आणि दिवस मावळता कापोन काढावा. दरम्यान जेवण बंद, कारण टाके उसवतात. निरोपाचे दिवशी राजकन्येने घोटभर चहावर किल्ला लढविला. श्वासांचे साम्राज्य बोलू जाता तिचाच श्वास संपे आणि साम्राज्य अर्ध्यात बुडे. ऐसे वारंवार होता दिग्दर्शक त्रासोन म्हणाले, “बोला बाई ते छोटं, आणि सुटा एकदाचं!”

कॅमेरा फिरला. युवराज घोड्याकडे वळले आणि राजकन्या म्हणाली, “जा, पण जेवायला ये.” ‘जेवायला’ हा शब्द तिच्या सकाळपासूनच्या उपाशी पोटातून खराखुरा निघाला. युवराज साऱ्या चित्रपटात प्रथमच माणसासारखे थबकले. पाठीचा टाका तटकन तुटला, बाईसाहेबांनी डोक्याला हात लावला, परंतु दिग्दर्शकांनी तोच टेक मंजूर केला. लेखकांस फत्ते जाहलीसे वाटले.

पहिल्या खेळास लेखक कुटुंबासह शेवटच्या रांगेत बसले. निरोप आला आणि ऐन वाक्यावर संगीतकारांनी नगारे आणि तुताऱ्या सोडल्या! ओठ हलले, शब्द कानी न आला. प्रेक्षकांनी झग्यास टाळ्या दिल्या. लेखकांस धरणी दुभंगेल तर बरे ऐसे जाहले. शेजारी पाहण्याची छाती होईना.

नगारे थांबले. कुटुंबाने ओठ ओळखिले होते. अंधारात खणखणीत आवाज उठला, “‘जा, पण जेवायला ये’ म्हणाली ती! माझं वाक्य आहे ते!”

साऱ्या रांगांतील माना मागे वळल्या. मग पुढून कोणी म्हातारा म्हणाला, “असं होय! मग बिचारा परत आला पाहिजे.” आणि दोन तास झगे पाहणाऱ्या त्या फौजेस युवराज जगेल की मरेल याची प्रथमच काळजी लागली.

येणेप्रमाणे वाक्याने ठाणे काबीज केले. पुढे पोशाखास पारितोषिक मिळाले, संवादाचे नावही निघाले नाही. विजयी वीर मात्र पहिल्या खेळाचे दिवशीच कुटुंबाबरोबर घरी जाऊन पोटभर जेवले, हे दप्तरी नमूद असे.