गोमेचं बाळंतपण

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. बढाई मारत नाही, हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. आग लागली की लावली, गाडी चोरीला गेली की मामाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली, हे मी माणसाच्या चहा पिण्यावरून ओळखतो. त्यामुळे मेहुणी काळ्या कागदात गुंडाळलेला डबा घेऊन आली, तेव्हा ती योग्य माणसाकडे आली आहे याबद्दल मला शंका नव्हती.

मेहुणी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लोक मांजर पाळतात, ही गोम पाळते. तिच्या इमारतीत वाळवीसाठी औषध फवारणार होते आणि तिला नेमकं गावाला जायचं होतं.

"भावोजी, ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. पिलं निघेपर्यंत काही खात नाही. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून नुसती चाटत राहते."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही. तेच तर अवघड आहे. उघडायचं नाही, उजेड नको, धक्का नको. तिला नुसता धोक्याचा संशय आला ना, तर ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकते."

एखाद्या किड्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच मला आपलेपणा वाटला.

"गेल्या खेपेला सगळी गेली," मेहुणीचा आवाज चिरकला. "यावेळी गेली तर माझं सगळं काम वाया जाईल."

"जिवापाड सांभाळीन," मी म्हणालो. मागे उभी असलेली बायको छताकडे बघत होती.

आता बघा. माझी बायको झुरळ दिसलं की पलंगावर चढते. ती म्हणाली, "राहू दे की." एवढंच. मला पहिला संशय तिथेच आला.

डबा मी मागच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवला. झाकणावर बारीक दोरा चिकटवला, उंबऱ्यात पीठ भुरभुरलं. कोणी आत गेलं तर पाऊल उमटलंच पाहिजे. येता-जाता पीठ ओलांडून डब्याला कान लावायचो. आत पायांची सळसळ स्पष्ट ऐकू यायची. मी बायकोला रोज तसं सांगायचो. ती "हो का?" म्हणायची आणि तोंड फिरवायची.

तिचं वागणंच बदललं होतं. झोपायच्या खोलीतलं कपाट ती लग्नापासून पायाने ढकलून बंद करते. आता दोन्ही तळहातांनी, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं बंद करायला लागली. मिक्सर बिघडला म्हणाली. मी लावून पाहिला, तर चांगला गरगरला. तिने धावत येऊन वायर उपटली.

"अहो, जळेल ना तो!"

मग एका सकाळी तिच्या हातात ड्रॉपर सापडला.

"हे काय?"

"डोळ्यात घालायचे थेंब."

"बाटली कुठाय?"

"संपली."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विष! ही बाई डब्यात थेंब थेंब कीटकनाशक सोडणार होती. उंबऱ्यातलं पीठ जसंच्या तसं होतं, दोराही शाबूत होता. पण इतकी सफाई मुरलेल्या गुन्हेगारालाच जमते.

मी डबा उचलला आणि ऑफिसला नेला. बसमध्ये उभ्या म्हाताऱ्याला जागा दिली नाही, कारण मांडीवर बाळंतीण होती. पोचल्यावर डबा टेबलाखाली सरकवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. तिथेच चुकलं. आमचं सगळं खातंच संशयावर पोसलेलं आहे. मी वाकून डब्याला कान लावला आणि वर पाहिलं, तर साहेब समोर.

"काय आहे त्यात?"

"काही नाही, साहेब."

"काही नाही, हे उत्तर तुम्ही कधी कोणाचं ऐकून घेतलंय का?"

त्यांनी डबा ओढला. मी ओढला. झाकण त्यांच्या हातात राहिलं आणि माती सगळ्या फरशीवर.

"गोम!" माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेब टेबलावर चढले. कॅशियरबाई साहेबांच्या खुर्चीवर चढल्या. टायपिस्टला पँटमध्ये काहीतरी वळवळल्यासारखं झालं आणि तो नाचायला लागला. रांगेतले लोक दाराकडे पळाले. मी रांगत माती चाळत होतो.

"पाय हलवू नका कोणी! बाळंतीण आहे ती!"

साहेब घाबरून टेबलावरून कपाटावर जायला निघाले आणि मधल्या मधे पडले. माझ्या हाती मात्र काहीच लागलं नाही. गोम नाही, अंडं नाही, एक सुटा पायसुद्धा नाही.

रिकामा डबा घेऊन घरी आलो, तर मेहुणी परत आलेली. दोघी बहिणी चहा पीत होत्या. मला रडूच फुटलं.

"गेली गं. अंडीही गेली. माझ्यामुळे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बायको उठली.

"अहो, हळू बोला."

तिने झोपायच्या खोलीतलं कपाट तळहातांनी उघडलं. रजयांच्या मागे एक काचेची पेटी होती, शेजारी पाण्याची वाटी आणि तो ड्रॉपर. पेटीत गोम वेटोळं घालून पडली होती आणि तिच्या कुशीत पांढरी, मऊ पिलं.

"कालच निघाली," बायको कुजबुजली.

"मग माझ्या डब्यात?"

"माती, भावोजी," मेहुणी म्हणाली. "खरी पेटी घरात आहे म्हटल्यावर तुम्ही ती दिवसातून दहा वेळा उघडून पाहिली असती. ताईच म्हणाली, ह्यांना राखायला वेगळं काहीतरी देऊ."

"पण मी पाय वाजताना ऐकले!"

"रोज ऐकत होतात," बायको म्हणाली.

"आणि तू? झुरळाला घाबरतेस ना?"

"हिलाही घाबरले होते. पण उपाशी बसून राहिली हो बिचारी, जागची हलली नाही. मग भीती वाटेनाशी झाली."

मी कपाट बंद केलं, तळहातांनी.

आठवडाभराने माझ्या टेबलावर साहेबांचा स्वतःचा दावा आला. ऑफिसात विषारी गोम पायाला चावली, त्यामुळे पाय सुजला, उपचार, विश्रांती वगैरे. खाली साक्षीदार म्हणून टायपिस्टची सही. त्याने गोम साहेबांना चावताना डोळ्यांनी पाहिली होती.

साहेब लंगडत आले आणि समोर उभे राहिले. "काही शंका?"

मी आजवर कोणाचाही दावा उलटतपासणी केल्याशिवाय सोडलेला नाही. मान खाली घातली आणि मंजुरीचा शिक्का मारला.