भिकन अण्णांचा मागचा दिवा

भिकन अण्णांच्या मोटारीचा हॉर्न दाबला की डावा इंडिकेटर लुकलुकायचा आणि ब्रेक दाबला की पुढचे दिवे मंद व्हायचे. वायपर लावल्यावर काय होत असे ते कुणालाच ठाऊक नाही, कारण वायपर नव्हताच. त्यामुळे अण्णा हॉर्न वाजवत सरळ निघाले की मागच्या रिक्षावाल्याला वाटायचे, हे आता डावीकडे वळणार. तो उजवीकडून घुसायचा आणि मग दोघेही भर रस्त्यात थांबून एकमेकांच्या घराण्याची चौकशी करायचे.

नव्वदच्या दशकात सुरतेला पांडेसऱ्यात आम्ही एकाच सोसायटीत राहत होतो. मी साताऱ्याकडून बदलीवर आलेला बँकेतला कारकून. अण्णा अमळनेरकडचे. सगळी नोकरी साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये, घडी खात्यात झालेली. आता निवृत्त, आणि घरात एकटेच. ही मोटार त्यांनी मिलच्या शेठकडून जुनी घेतली होती. शेठने ती हसत हसत दिली, तिथेच अण्णांनी काय ते ओळखायला हवे होते.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर अण्णांचे निदान एकच: "अर्थिंग कच्ची शे!" कुणाचे नवरा-बायकोचे पटत नसो, कुणाचा पोरगा गुजरातीत नापास होवो, अण्णा मान हलवून म्हणायचे, "करंट येस बराबर. पन त्याले परत जावाले वाट नको का?" एकदा मी आमच्या मॅनेजरच्या स्वभावाबद्दल रडगाणे गायलो. "अर्थिंग कच्ची शे त्यानी," अण्णा म्हणाले. हे निदान मात्र अचूक होते.

गाडीच्या सगळ्या वायरी लाल. मग ओळखायच्या कशा? अण्णांनी शक्कल काढली. मिलमधून आणलेल्या साड्यांच्या चिंध्या वायरींना बांधल्या. हिरवी चिंधी हॉर्नची, पिवळी इंडिकेटरची, निळ्या बुट्ट्यांची हेडलाइटची. बॉनेट उघडले की आत लग्नघर दिसायचे. पण मिल फुकट देते त्या चिंध्या नापास मालाच्या, कच्च्या रंगाच्या. एका पावसाळ्यात सगळ्या चिंध्यांनी एकमेकींचा रंग घेतला आणि सगळ्या सारख्याच शेवाळी झाल्या. अख्खी नोकरी साड्यांच्या घड्या घालण्यात गेलेला माणूस, पण रंग पक्का की कच्चा हे बघायचे राहून गेले. त्यानंतर वायरी अंदाजाने जोडताना हॉर्न आणि इंडिकेटर यांचे जे सूत जुळले ते जुळलेच.

दर रविवारी सकाळी दिव्यांची तपासणी असे. दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब घेऊन अण्णा गाडीखाली शिरायचे आणि फक्त पाय बाहेर ठेवून आमच्याशी गप्पा मारायचे. शेवटी ब्रेकचा दिवा. ब्रेकच्या दिव्याची अडचण अशी, की दाबणाऱ्याला तो दिसत नाही. मग अण्णा आत बसायचे आणि जो सापडेल त्याला मागे उभे करायचे. दूधवाला, रद्दीवाला, कोथिंबीर घेऊन येणारी माझी बायको, कुणाचीच सुटका नव्हती. नियम एकच: मागच्याने ओरडून सांगेपर्यंत अण्णा ब्रेकवरचा पाय उचलणार नाहीत. मी एकदा आरशात दिसेल असा अंगठा दाखवला.

"तोंडानं सांगा ना, भाऊ!"

"लागला!" मी ओरडलो. तरी अण्णा पाय तसाच ब्रेकवर ठेवून बसले. जणू आणखी काही ऐकू येईल म्हणून वाट बघत होते. मग हळूच त्यांनी पाय उचलला.

शेवटी कंटाळून मी तोडगा सुचवला. "अण्णा, गाडीची पाठ भिंतीकडे करा. ब्रेक दाबला की भिंतीवर लाल उजेड पडेल, आरशात तुम्हालाच दिसेल. कुणाची गरजच नाही."

अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या चहात मीठ टाकले होते. "भित बोलस का, भाऊ?" एवढेच म्हणाले. पुढचे दोन रविवार मला बोलावणे आले नाही.

मग त्यांचा मुलगा दिलीप आला. तो हजीऱ्याला समुद्रकाठच्या एका कारखान्यात इंजिनियर, तिथल्याच कॉलनीत तिसऱ्या माळ्यावर राहायचा. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती, आरटीओत पासिंग करायचे होते. दिलीपने सांगून टाकले, "पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात, आणि तुम्ही कायमचे माझ्याकडे."

अण्णा हादरले. "तिसऱ्या माळ्यावर बसून मी काय समुद्राची अर्थिंग तपासू?"

सगळी सोसायटी कामाला लागली. मी बँकेत रजा टाकली. ब्रेक दाबला की पुढचे दिवे मंद का होतात, तो दोष शेवटी सापडला मागच्या दिव्याच्या एका स्क्रूखाली. गाडी देखणी दिसावी म्हणून अण्णांनी स्वतःच्या हाताने तिथे रंगाचे जाड थर दिले होते, त्यामुळे स्क्रू पत्र्याला नीट टेकत नव्हता आणि करंटला परत जायला वाट मिळत नव्हती. पॉलिश पेपरने रंग खरवडला, चिंध्या काढून वायरी नीट लावल्या, आणि सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले.

"मी काय सांगत व्हतू? अर्थिंग!" अण्णा छाती काढून म्हणाले. इतकी वर्षे ते बरोबरच बोलत होते, फक्त स्वतःच्या रंगाखाली बघितले नव्हते.

पासिंगच्या दिवशी दिलीप आणि मी बाजूला उभे होतो. पुढचे दिवे झाले, इंडिकेटर झाले. इन्स्पेक्टर मागे गेला. "काका, ब्रेक मारो."

दोन्ही दिवे लखलखीत लागले. इन्स्पेक्टरने कागदावर खूण केली. "बस, पग उठावो, काका." अण्णा ब्रेकवरचा पाय न उचलता समोर बघत बसलेले. "काका, बॅटरी उतरी जशे!" मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

मी वैतागून दिलीपला विचारले, "हे असं का करतात रे?"

दिलीप खाली बघत म्हणाला, "मागं आई उभी राहायची, भाऊ. गाडीतलं तिला एवढंच समजायचं. तिनं 'लागना ओ, लागना' म्हटलं की मगच अण्णा पाय उचलायचे. ती गेली, सवय तेवढी राहिली."

या माणसाला मी भिंत दाखवली होती.

मी गाडीच्या मागे गेलो आणि माझ्या सातारी नरड्यातून निघेल तशा अहिराणीत, सगळ्या रांगेसमोर, ओरडलो, "लागना ओ, अण्णा! लागना!"

लाल दिवे विझले. मग खिडकीतून मान बाहेर न काढताच अण्णांनी विचारले,

"दोन्ही बाजूले का?"

"दोन्ही बाजूले," मी म्हणालो.