लाल कुलूप आणि मुख्यसाहेब

सभागृहातली चहाची किटली भप्पकन जळाली, भिंतीतला बोर्ड काळाठिक्कर पडला आणि अल्पसंख्याक वीज-अभियंता संघाच्या वार्षिक सभेला खरा रंग चढला. सगळेच विजेतले, त्यामुळे वायरमन बोलवायचा प्रश्नच नव्हता. पंचाईत एवढीच, की जितकी डोकी होती त्याहून एक मत जास्त होतं.

शेवटी संघातल्या ज्येष्ठ काकांनी बाह्या सरसावल्या. "पोरी, खाली जाऊन मेन बंद कर आणि कुलूप घाल. आधी तुझं कुलूप, मग माझा हात!"

पोरगी म्हणजे संघातली सगळ्यात धाकटी अभियंता. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षाच्या परीक्षेत ती दोनदा पहिली आली होती आणि दोन्ही वेळा "पुढच्या खेपेला बघू" ऐकून परतली होती. त्या कक्षात संघातलं आजवर कोणीच बसलं नव्हतं. म्हणून तर अध्यक्षताईंनी वर्षभर मिनतवाऱ्या करून वीजकंपनीच्या मुख्यसाहेबांना आज बोलावलं होतं. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "चहा घेईन आणि निघेन. भाषण नको."

पोरीने तळमजल्यावर मेन खाली ओढला, लाल कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. वीजकेंद्रातला नियमच तसा. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, तेही वायरीवरचा हात बाजूला झाल्यावर.

लिफ्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही.

"अहो, कोण आहे का तिकडे?" अर्ध्यावर अडकलेल्या लिफ्टमधून आवाज आला. पोरगी जिन्यात धावली. मुख्यसाहेब! आणि त्यांना घ्यायला गेलेल्या ताईही आतच.

"आधी वीज चालू करा!"

"नाही करता येणार, साहेब. काकांचा हात वायरीत आहे."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"हो साहेब. पण काकाही कोणीतरी आहेतच की."

बोलून गेल्यावर तिने मनोमन देवाचं नाव घेतलं. नियंत्रण कक्ष तर गेलाच, आता नोकरीही जाणार. किल्ली मात्र मुठीत घट्ट. ती जिन्यातून ओरडली, "काका, आटपा ना! साहेब अडकलेत!"

"मग काय, वायर घाबरून लवकर बसेल होय?"

इकडे लिफ्टमध्ये ताईंचा मऊ आवाज सुरू झाला. "बसा साहेब, माझ्या पिशवीवर टेका. वर्षभर दहा मिनिटं मागत होते, देवाने आज सवड दिली. ही बाहेरची पोरगी दोनदा पहिली आली..."

"बघतो."

"कधी?"

"बघतो म्हटलं ना, बाई!"

तेवढ्यात वरून काका गरजले, "हात काढला! झाकण बसवलं!"

पोरगी कुलपाकडे धावली. "ताई, मेन लावू का?"

"थांब जरा. साहेब अजून 'बघतो'वरच आहेत."

"हे काय चाललंय?"

"काही नाही, साहेब. सभेचं कामकाज."

लिफ्टमधून एक लांब सुस्कारा आला, आणि मग साहेब चक्क हसले. "मुली, मी एवढा ओरडलो, तरी कुलूप नाही काढलंस?"

"नाही, साहेब."

"मग सोमवारपासून नियंत्रण कक्षात हेच कर. तिथे माझ्याहून मोठ्याने ओरडतात. आता तरी लाव!"

"लाव गं," ताई शांतपणे म्हणाल्या.

चहा काही झाला नाही. निघताना साहेबांनी लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तरातरा जिना गाठला. ज्या पिशवीवर ते टेकले होते, तिच्यातून संघातल्या आणखी दोघांचे अर्ज डोकावत होते. ताईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याही त्यांच्या मागोमाग जिन्यानेच निघाल्या.