मुकुंदकाकांचं अवघड पाखरू

आमच्या शेजारचे मुकुंदकाका स्वतःच्या वाडीत हेल्मेट घालून फिरतात. त्यांच्याकडे स्कूटर नाही, कधी नव्हतीही. हेल्मेट आहे ते नारळांसाठी. दिवेआगरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल की नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यात पडत नाही. हे काकांना ऐकवलं की ते वर बघत म्हणतात, "असतील डोळे. पण एखाद्याला मोतीबिंदू झाला असेल तर? विषाची परीक्षा कशाला?"

"विषाची परीक्षा कशाला" हे काकांचं पालुपद. गॅस बंद केला की नाही ते बघायला कोपऱ्यावरून परत येतील. एसटीत ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे बसतील आणि प्रत्येक वळणावर आपला पाय दाबून ब्रेक लावतील. जन्मभर त्यांनी विम्याची एजंटगिरी केली, पण पॉलिसी म्हणून कधी कुणाच्या गळ्यात मारावी लागली नाही. ओटीवर बसून नुसते बोलायचे. पायरी निसरडी दिसत्ये, वायर लोंबकळत्ये, विहिरीचा कठडा सुटलाय, आणि तुमचा चेहरा असा ओढलेला का हो? चहा येईपर्यंत घरमालक सही करून मोकळा.

गाव हसायचं. मग ते वादळ आलं, माडपोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. काका आठ वर्षं सांगत होते असं होणार म्हणून. त्या वादळाने आमची झोप उडवली आणि काकांची पत वाढवली. आता ते आभाळाकडे बघून नुसते "हं" म्हणाले तरी मी वाळत घातलेली आमसुलं आत आणते.

समुद्राचं तर विचारूच नका. लाटांचा आवाज काकांच्या स्वयंपाकघरात येतो, पण या माणसाने घोट्याच्या वर पाणी लागू दिलेलं नाही. मुरुडला जायचं तर आम्ही दिघीला फेरीबोटीत बसतो, पलीकडे आगरदांड्याला उतरतो. काका म्हसळा, तळा, रोहा असे डोंगर फिरून जातात, जेवणाच्या वेळेला पोचतात आणि वर म्हणतात, "पाय जमिनीवर होते ना?"

आणि अशा घरातला एकुलता एक मुलगा, ओंकार, मालवाहू जहाजावर इंजिनिअर! आता बोला. त्याला नोकरी लागली तेव्हा काका महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आता टीव्हीवर कुठल्याही जहाजाची बातमी लागली की काकू रिमोट पदराखाली लपवतात.

तर असा हा माणूस गेल्या वर्षी एका सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सुधा, मला खोल समुद्रात जायचंय."

माझ्या हातातलं पोह्यांचं पातेलं पडता पडता राहिलं.

याला कारण आमच्याकडे उतरलेला पुण्याचा एक डॉक्टर. आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. हा डॉक्टर पक्षीवेडा. जेवताना सांगत होता, की जगातली बघायला सगळ्यांत अवघड पाखरं म्हणजे भर समुद्रातली. त्यातलंच एक स्टॉर्म पेट्रेल, म्हणजे वादळी पाखरू, काळं, जहाजांच्या मागे मागे येणारं. त्याचं घरटं पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, बर्फाच्या बेटांवर. एरवी आयुष्य सगळं पाण्यावर. किनाऱ्याला म्हणून येत नाही. "वाघ परवडला हो, निदान जमिनीवर तरी असतो." काका विरजण मागायला आले होते, ते वाटी हातात धरून शेवटपर्यंत उभे राहिले.

मग तयारी सुरू झाली. बोट लागू नये म्हणून काका रोज संध्याकाळी झोपाळ्यावर आडवे बसायचे आणि काकूंनी झोके द्यायचे. तोंडात आवळासुपारी, डोळे घट्ट मिटलेले. "जोरात दे गं, लाटा काय तुला विचारून येणारेत?" काकू माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच," म्हणायच्या, पण झोका थांबवायच्या नाहीत. शेवटी त्यांनी एकच अट घातली: सुधा बरोबर जाईल तरच.

घ्या! आता मला पोहता येतं का? नाही. मला कुणी विचारलं का? तेही नाही.

बोट ठरवली मुरुडच्या धर्मा तांडेलची, कारण काकांकडून विमा घेऊन ज्याने आजवर एकदाही क्लेम केलेला नाही असा किनाऱ्यावर तो एकच. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला होता. आम्ही दिघीला गेलो आणि काका जन्मात पहिल्यांदा फेरीबोटीत चढले. कठड्याला असे चिकटले की बोटांची पेरं पांढरी पडली. तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली. हे खूळ नाही, काहीतरी वेगळंच आहे.

"काका, खरं सांगा. कशासाठी हे सगळं?"

ते पाण्याकडे न बघता बोलायला लागले. "ओंकारला मी फोनवर विचारलं एकदा, एवढ्या पाण्यात तुला करमतं कसं रे? तर म्हणाला, बाबा, कधी कधी पंधरवडाभर जमीन दिसत नाही. पण एक काळं पाखरू जहाजामागे येतं. मी डेकवर आलो की आधी बघतो, आहे का. असलं की बरं वाटतं." काका थांबले. "म्हणजे नसलं की बरं वाटत नाही ना गं?"

मी पिशवीतली आवळासुपारी काढून त्यांच्यापुढे धरली.

"त्या डॉक्टरने वर्णन केलं ना, तेच ते. म्हटलं, एकदा बघून यावं. मुलगा कुणाच्या संगतीत आहे, हे बापाने बघायला नको?"

आगरदांडा येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोर होता. एवढं करून पाखरू दिसलंच नाही तर या माणसाला मी घरी कसं नेऊ?

धर्माच्या होडीवर काकांनी एकावर एक दोन लाइफ जॅकेटं चढवली आणि चौकशी सुरू केली. होडीचा विमा आहे का? इंजिनाचा? खलाशांचा? "काका, तुमी आदी बसा," धर्मा म्हणाला. "दर्या गुपचूप हाय." जंजिरा मागे पडला. मग किनारा पुसट झाला, मग दिसेनासाच झाला. चोहीकडे नुसतं पाणी, आणि नेमके तेव्हाच काका कानाशी येऊन विचारतात, "सुधा, तुझा नॉमिनी कोण?"

ही पाखरं वासावर येतात असं डॉक्टरने सांगितलं होतं. धर्माने मासळीची घाण पाण्यात टाकायला सुरुवात केली. चतुर्थीला कांदासुद्धा न शिवणारे आमचे काका! झोपाळ्याची सगळी तालीम एका क्षणात फुकट गेली. ओकले, चूळ भरली, आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावून बसले. ऊन चढलं. कुरव पक्षी आले, भांडले, गेले. काळं पाखरू काही येईना.

"काका, आता फिरायला पायजे," धर्मा म्हणाला. "वारा उठतोय."

आणि काका, जे वारा उठायच्या आधीच दारं लावून घेतात, ते म्हणाले, "थोडं थांब रे. पाया पडतो तुझ्या."

धर्माने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं आणि मनातल्या मनात सुवर्णगणेशाला नारळ बोलले.

आलं! लाटांच्या मधून, पाण्याला अगदी घासून आलं. काळं, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. पंख उचलून पाण्यावर पाय टेकवत असं चाललं, जसा अंगणातून कुणी पाहुणा यावा. काकांनी दुर्बीण खाली घेतली. तिची गरजच नव्हती, इतकं ते जवळ होतं.

"हेच?" काका म्हणाले. "एवढंसं?"

त्यांना वाटलं होतं गरुडाएवढं तरी असेल. हे तर आमच्या तुळशीवरच्या बुलबुलाएवढं.

"अगं, हे दमत नाही? रात्रीचं कुठे टेकतं? आणि पाऊस आला म्हणजे? याच्या भरवशावर राहतो होय गं आमचा ओंकार?"

मग काका उभे राहिले. होडी डुलत होती, मी "काका, धरा, धरा!" म्हणून ओरडले. पण त्यांनी हातातला दोर सोडला, दोन्ही हात जोडले आणि त्या पाखराला म्हणाले, "पोर तिकडे एकटं असतं. येता-जाता लक्ष असू दे."

सबंध गावाची काळजी करणारा माणूस, त्या मूठभर जिवाच्या पदरात आपला मुलगा घालत होता. धर्मा इंजिनाशी वाकून काहीतरी शोधायला लागला, तिथे काही हरवलेलं नसताना.

पाखरू लाटेपलीकडे गेलं. काका हात जोडून तसेच उभे होते, आणि त्यांना बसा म्हणायची छाती आम्हा दोघांपैकी कुणाचीच झाली नाही.