चार पूर्णांक चोवीस

पोर्ट ॲलन शहराच्या फुटबॉल संघाचं (अमेरिकन फुटबॉल, हातांनी फेकायचा आणि झेलायचा) नाव हेरन्स, म्हणजे बगळे. बगळा तासन्‌तास एका पायावर उभा राहतो आणि शेवटी मासा पकडतो. संघाने यातला पहिला भाग मनापासून उचलला होता.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला, लांबून फेकलेला चेंडू हेरन्सच्या वाइड रिसीव्हरच्या दोन्ही हातांत येऊन पडला आणि तिथून जमिनीवर पडला. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेने पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा गडी. झेलण्यासाठीच त्याला पगार असतो. चेंडू हातांतून निसटताना अख्ख्या स्टेडियमने पाहिला, टीव्हीने तो हळू करून परत परत दाखवला. एवढं स्पष्ट दिसल्यामुळे नेमकं काय घडलं याचा शोध घेणं आवश्यक झालं, आणि संघाच्या मालकीणबाई मिसेस व्हँडरव्हीन यांनी चौकशी समिती नेमली.

समितीने वसंत ऋतूपर्यंत विचार केला. तिचा निष्कर्ष असा: चेंडू सुटण्यास हात जबाबदार नसून पाय जबाबदार आहेत. गडी अधिक वेगवान असता तर तो प्रतिस्पर्ध्यांपासून अधिक दूर गेला असता. दूर गेला असता तर त्याच्यावर दडपण आलं नसतं. दडपण नसतं तर चेंडू सुटला नसता. आणि समजा सुटलाच असता, तर तो गोलरेषेच्या अधिक जवळ सुटला असता, ही प्रगतीच होय.

बाईंचा गाद्यांचा वडिलोपार्जित कारखाना होता. गादीवर पडून विचार करण्याची त्यांच्या घराण्याची रीत होती. त्यांना निष्कर्ष पटला.

ऑर्विल हेंडरशॉटला तो पटला नाही; पण त्याला विचारलं कुणी नव्हतं. ऑर्विल हा हेरन्सचा जुना पारखी. गावोगावच्या कॉलेजांच्या मैदानांवर थंडीत कुडकुडत बसायचं, पोरं हेरायची आणि एप्रिलमध्ये निवडीच्या दिवशी, सगळे संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने पोरं उचलतात तेव्हा, आपल्या संघाने कुणाला घ्यावं ते सांगायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. या कामात त्याचा उजवा गुडघा गेला होता. जुलैमध्ये त्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि तिचा खर्च संघाचा आरोग्य विमा देणार होता. विमा नोकरीला बांधलेला आणि नोकरीचा करार निवडीच्या दुसऱ्या दिवशी संपणारा. थोडक्यात, ऑर्विलचा गुडघा ट्रेव्हर पिंकनीच्या खिशात होता.

पिंकनी हा संघाचा जनरल मॅनेजर. वय ऑर्विलच्या निम्म्याहून थोडं जास्त. आधी तो एका पार्सल कंपनीत होता. तिथे त्याने असा कायापालट केला होता की काचसामान फुटायचं खरं, पण वेळेच्या आधी पोचायचं.

ऑर्विलच्या मनात एक पोरगा होता. एमरी टॉलिव्हर, आयोवा राज्यातल्या एका आडगावच्या कॉलेजचा. याच्या दिशेने काहीही फेका, ते याच्याकडेच राहायचं. पाऊस असो, वारा असो, अंगावर दोघं लटकलेले असोत. ऑर्विल त्याच्या घरी गेला तेव्हा त्याच्या आईने रुबार्बच्या देठांचं गोड सारण भरून भाजलेला पाय नावाचा पदार्थ कापून पुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, आम्हाला गोड बोलणारे पुष्कळ भेटले. तुम्ही खरं सांगा. घेतील का याला?"

"तिसऱ्या फेरीपर्यंत मी घेतोच, ताई," ऑर्विल म्हणाला. "माझा शब्द."

त्याने शब्द दिला आणि पायचा दुसरा तुकडा घेतला. दोन्ही पचतील अशी त्याची समजूत होती.

टॉलिव्हरमध्ये खोट एकच. फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय चाचणीत सगळ्या उमेदवारांना चाळीस यार्ड सरळ रेषेत पळवतात. अंगावर घट्ट चड्डी, समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, चेंडूही नाही. खऱ्या सामन्यात ज्या ज्या गोष्टी असतात त्या सगळ्या काढून टाकल्यावर जे उरतं, ते इथे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. टॉलिव्हरला लागले चार पूर्णांक एकाहत्तर. त्याच दिवशी डॅक्स बॅरिंजर नावाच्या पोराला लागले चार पूर्णांक चोवीस, आणि मोजणाऱ्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

निवडीआधीची बैठक मोठ्या दालनात भरली. भिंतभर लोखंडी फळा, त्यावर प्रत्येक उमेदवाराच्या आडनावाची चुंबकाची पट्टी, पट्टीवर आडनावापेक्षा मोठ्या अक्षरात त्याचा आकडा. बॅरिंजरची पट्टी सगळ्यात वर होती. टॉलिव्हरची ऑर्विलने तिसऱ्या ओळीत लावली होती.

"अहो ऑर्विल," पिंकनी म्हणाला, "ही पट्टी चुकून वर गेलीय का?"

"मीच लावलीय. पोरगा चेंडू सोडत नाही."

"सोडत नाही, मान्य. पण पोचतो कधी?"

"चेंडूच्या आधी पोचतो. कुठे वळायचं ते त्याला कळतं. तुमचा बॅरिंजर पळतो झकास, पण वळायचं म्हटलं की त्याला आधी पत्र टाकावं लागतं."

कोच रॅडोविच खुर्चीत मागे रेलून कॉफी पीत होता. त्याला हसू आलं, ते त्याने कपात सोडलं.

"वळणं शिकवता येतं," पिंकनी म्हणाला. "झेलणं शिकवता येतं. वेग शिकवता येत नाही. हे तुमच्याच धंद्यातलं वचन आहे ना?"

"आहे. पण शिकवणार कोण?"

"कोच."

"मी चौदा वर्षं शिकवतोय," रॅडोविच म्हणाला. "अजून एकही शिकला नाही."

"म्हणजे सुधारणेला वाव आहे," पिंकनी म्हणाला, आणि मालकीणबाईंनी मान डोलावली.

ऑर्विलने शेवटचा पत्ता टाकला. "या बॅरिंजरने कॉलेजच्या चार वर्षांत झेल घेतलेत नऊ. नऊ फक्त."

"तेच तर," पिंकनी उठून फळ्यापाशी गेला. "टॉलिव्हरने घेतलेत दोनशेवर. हात झिजले असतील. बॅरिंजरचे हात जवळपास कोरे आहेत. जुनी गाडी घेताना आपण काय बघतो? किती चाललीय ते."

यावर दालनात शांतता पसरली. उत्तर सुचलं नाही की अशी शांतता पसरते, आणि इतिवृत्तात तिला एकमत म्हणतात.

मधल्या सुट्टीत ऑर्विलने रॅडोविचला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "तू तरी बोल की रे. तुला ठाऊक आहे कोण चांगला आहे ते."

"ठाऊक आहे म्हणूनच गप्प आहे," रॅडोविच म्हणाला. "हे बघ, म्हाताऱ्या. वेगवान पोरगा चुकला तर लोक म्हणतात, पोराने घात केला. हळू पोरगा चुकला तर म्हणतात, असला घेतलाच कुणी? आणि चुकतात सगळेच. मग मी कुणाला घेऊ?"

"टॉलिव्हर चुकणार नाही."

"नाही चुकला तर श्रेय चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला. माझ्या पदरात काय?"

सुट्टीनंतर मालकीणबाईंना एक विचार सुचला. बसून सुचलेला असल्याने तो गादीवरच्या विचारांपेक्षा जास्त धोकादायक होता. त्या म्हणाल्या, "ज्याला स्वतःला पळता येत नाही, त्याला वेगाची पारख कशी असेल?"

तर्क बिनतोड होता. या हिशोबाने अंड्याची पारख कोंबडीनेच करायला हवी. पण हे म्हणायला तिथे कोणी मोकळं नव्हतं. ठराव झाला की संघाच्या प्रत्येक सेवकाने चाळीस यार्ड पळून दाखवावेत आणि सहा सेकंदांच्या आत न येणाऱ्याच्या कराराचा फेरविचार व्हावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोबनीस पळाला. स्वयंपाकघरातली बाई ॲप्रन बांधून पळाली आणि पास झाली. संघाचा डॉक्टर पळाला, त्याची मांडी धरली, आणि ती बघायला दुसरा डॉक्टर नसल्याने तो तसाच पडून राहिला. मालकीणबाई स्वतः गाडीतून आल्या; त्यांचा वेळ उत्तम होता.

ऑर्विल रेषेवर उभा राहिला. गुडघ्यावर पट्टा करकचून बांधलेला. पलीकडच्या टोकाला पिंकनी हातात घड्याळ घेऊन.

पळण्याआधी पिंकनी चालत त्याच्यापाशी आला. "गुडघा कसाय?"

"आहे."

"जुलैत करताय म्हणे. बरं, एक सांगू? हे घड्याळ अंगठ्याने दाबायचं असतं. माझा अंगठा कधीकधी उशिरा हलतो. माणूस निम्म्या वाटेत आला की मग हलतो." त्याने ऑर्विलच्या खांद्यावरचा नसलेला कचरा झटकला. "तुमची ती पट्टी तिसऱ्या ओळीत फार खुपते हो. तुमच्याच हाताने खाली गेली तर बरं दिसेल. एकमत झालं म्हणून बाईंना सांगता येईल."

ऑर्विलला रुबार्बच्या पायची चव आठवली. मग गुडघा आठवला. गुडघा जवळ होता, आयोवा लांब होतं.

तो पळाला. पळाला म्हणण्यापेक्षा चौकटीतून दार निखळावं तसा पुढे गेला. घड्याळात आले चार पूर्णांक नव्याण्णव. एकसष्ट वर्षांच्या लंगड्या माणसाचा हा वेळ पाहून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण आकडा घड्याळाचा होता. उलट मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, मनात आणलं तर होतं."

दुपारी ऑर्विलने स्वतःच्या हाताने टॉलिव्हरची पट्टी सोडवून सगळ्यात खालच्या ओळीत लावली. चुंबक चटकन बसलं. लोखंडाला वरची ओळ काय आणि खालची काय.

निवडीच्या दिवशी हेरन्सने पहिल्याच फेरीत बॅरिंजरला घेतलं. शहरात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. 'चार पूर्णांक चोवीस' असं छापलेले सदरे संध्याकाळपर्यंत संपले. टॉलिव्हरला कोणीच घेतलं नाही. बाकीच्या संघांकडेही घड्याळं होतीच. त्याची आई सातही फेऱ्या संपेपर्यंत टीव्हीसमोर बसली. तिचा फोन आला तेव्हा ऑर्विलने तो वाजू दिला.

जुलैत गुडघा झाला. छान झाला.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला आणि एक बारीकशी अडचण पुढे आली. बॅरिंजर सगळ्यांना मागे टाकून जाई. त्याच्याभोवती वीस-वीस यार्ड चिटपाखरू नसे. मग चेंडू येई, आणि बॅरिंजर त्याच्याकडे लग्नात अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा बघे. चेंडू छातीवर आपटून निघून जाई.

"हात कोरेच आहेत," रॅडोविच म्हणाला. "अजिबात झिजत नाहीत."

"शिकवता येतात," पिंकनी म्हणाला. "तेच तर आपलं धोरण आहे. फक्त शिकवणारा माणूस हवा. देशात सगळ्यात चांगलं कोण झेलतं?"

सगळ्यांनी ऑर्विलकडे पाहिलं.

फोन ऑर्विलनेच केला. टॉलिव्हर तेव्हा धान्याच्या कोठारावर कामाला लागला होता.

"खेळायला बोलावताय का, काका?" त्याने विचारलं.

"तसं नाही रे. शिकवायला. तो जो पोरगा घेतलाय ना, त्याला."

पलीकडे टॉलिव्हरने धान्याचं यंत्र बंद केलं.

"म्हणजे मला झेलता येतं हे तुम्हाला पटलंय."

"सगळ्यांना पटलंय. पहिल्यापासून."

"मग मीच झेललं तर?"

"तुझा आकडा," ऑर्विल म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. पण ते पुरं करायची गरजही नव्हती. आकडा म्हटलं की या देशात समोरचा माणूस समजून घेतो.

टॉलिव्हर आला. आईच्या औषधांसाठी त्यालाही विम्याची सोय हवी होती. त्याने बॅरिंजरला मन लावून शिकवलं. स्वतः शंभर झेल घेऊन दाखवायचा, बॅरिंजर प्रामाणिकपणे म्हणायचा, "दादा, तुझं बघताना सगळं कळतं. चेंडू आला की जातं." पोरगा वाईट नव्हता. त्याला लहानपणापासून फक्त पळायलाच सांगितलं होतं.

मोसमाचा शेवटचा सामना आला. शेवटचं मिनिट. बॅरिंजर कडेकडेने असा सुटला की प्रतिस्पर्धी मध्येच पळायचे थांबले. चेंडू गेला, बॅरिंजरच्या दोन्ही हातांत पडला, उडाला आणि सीमारेषेबाहेर गेला. तिथे खांद्यावर टॉवेल टाकून टॉलिव्हर उभा होता. त्याने एका हाताने तो सहज झेलला, जशी चालताना फांदी बाजूला करावी.

पंच धावत आला आणि सीमारेषेच्या फार जवळ उभं राहिल्याबद्दल त्याने हेरन्सला दंड दिला. सामना गेला. रॅडोविच पत्रकारांना म्हणाला, "पोराने घात केला." पिंकनी म्हणाला की शिक्षकाने सीमारेषेवर शिस्त पाळली नाही, आणि टॉलिव्हरला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. प्रेक्षक मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. चेंडू सुटला होता. पण काय पळाला, काय पळाला. नवे सदरे निघाले.

रविवारी ऑर्विल बायकोला, लोइसला, घेऊन जेवायला बाहेर गेला. आता तो लंगडत नव्हता. खिम्याचा मीटलोफ येईपर्यंत लोइसने विचारलं, "तो झेल घेणारा पोरगा. आयोवाचा. ज्याच्या आईने तुला पाय खायला दिला होता. त्याचं पहिलं नाव काय रे?"

ऑर्विलने काटा खाली ठेवला. फळा त्याच्या डोळ्यांसमोर आला, पट्टी आली.

"चार एकाहत्तर," तो म्हणाला.

"नाव विचारलं मी."

ऑर्विलने काटा परत उचलला. त्याला काही ते आठवलं नाही.

तुम्ही त्याला हसू नका. त्या पोराचं पहिलं नाव वर एकदाच, तो गोष्टीत आला तेव्हा, नीट सांगितलं होतं. परत न बघता आठवत असेल तर सांगा. बॅरिंजरचा आकडा कोणी विचारलेला नाही. तो तुम्हाला पाठ आहे.