घोडी केसभर पुढे

व्याख्यान संध्याकाळी पाचला होतं आणि सकाळी साडेनऊला मास्तरांनी मेंडोलिनच्या आठही तारा एकदम काढून टाकल्या.

हे त्यांनी करायला नको होतं. मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती, कशानेही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावर ती नुसती उभी असते. म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक जोडी करून, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर पहिल्याच दिवशी बजावायचे. "सगळ्या एकदम काढल्या की घोडी जागची हलते, आणि मग..." एवढं बोलून ते नुसती मान हलवायचे.

पण आजची गोष्ट वेगळी होती. वाचनालयाने त्यांना 'मेंडोलिन: निवड, निगा आणि वादन' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. नाटकांच्या आणि वाद्यवृंदांच्या मागच्या रांगेत बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांची खुर्ची मधोमध मांडली जाणार होती. अशा वेळी वाद्य कसं, आरशासारखं दिसायला हवं. तारांखाली साचलेली वर्षानुवर्षांची धूळ मास्तरांच्या डोळ्यांत खुपायला लागली, आणि तारा तशाच ठेवून ती निघेना.

त्यांनी तारा काढल्या, घोडी उचलून टेबलावर ठेवली आणि तासभर मन लावून पॉलिश केलं. वाद्य लखलखायला लागलं. मग घोडी परत ठेवायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की तिची जागा दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या दोन बारीक रेघाही धुळीबरोबर गेल्या. त्या त्यांनीच कधीकाळी आखल्या होत्या.

"अहो, झालं का?" आतून बायकोने विचारलं. "जेवायला वाढू?"

"सूर लावतोय," मास्तर म्हणाले. सूर लावायला अजून एकही तार नव्हती.

शेवटी त्यांनी डोळा बारीक करून, दोनदा मागे सरकून, अंदाजाने घोडी ठेवली. नव्या तारा चढवल्या. नव्या तारा स्थिरावायला वेळ लागतो. एक जोडी सुरात आणावी तोवर दुसरी उतरलेली. खुंट्या पिळता पिळता चार वाजले. मोकळ्या तारा एकदाच्या सुरात लागल्या तोच रिक्षा दारात येऊन उभी राहिली. दांडीवरच्या पडद्यांशी, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांशी, तारा दाबून वाजवून बघायचं राहूनच गेलं.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर वही उघडून बसले होते. दोन वर्षांपासून ते मास्तरांकडे शिकत होते, आणि त्यांचं मेंडोलिन मास्तरांच्या मेंडोलिनपेक्षा देखणं होतं. ते त्यांनी बरोबरही आणलं होतं. तिसऱ्या रांगेत, कडेला, मास्तरांची बायको. टेलिफोन कचेरीत ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. नवऱ्याच्या कार्यक्रमांना ती नेहमी कडेलाच बसायची.

मास्तर बोलायला लागले आणि रंगले. "तारा छेडायची नखी घट्ट धरू नका. कुलूप उघडताना किल्ली धरतो तशी धरा. मनगट सैल. तारा दाबताना बोट पडद्याच्या अगदी लगत, पडद्यावर नाही. आणि महागाचं वाद्य घेऊन कपाटात ठेवू नका. रोज वाजवलेलं साधं वाद्य जास्त गोड होतं." इथे डॉक्टरांनी मान खाली घातली. "आणि शेवटचं. तारा एकेक जोडी करून बदला. सगळ्या एकदम काढणारा माणूस वादक नव्हे, तो खाटीक."

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी हे वाक्य वहीत चौकटीत लिहिलं.

मग मास्तरांनी वाद्य मांडीवर घेतलं. मोकळ्या तारांवरून नखी फिरली तेव्हा सगळं ठीक होतं. पण चाल जसजशी वर चढायला लागली तसतसं काहीतरी बिनसायला लागलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं प्रत्येक सुराला व्हायला लागलं. मास्तर थांबले.

"पंख्याची हवा लागतेय. नव्या तारा आहेत," ते म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी लगबगीने पंखे बंद केले. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबले. "खुर्चीला हात आहेत, कोपर अडतंय." बिनहातांची खुर्ची आली. मग नखी बदलली. मग खुंट्या पिळल्या. मोकळ्या तारा बिचाऱ्या सुरातच होत्या. वर मात्र तीच रड. एव्हाना श्रोते कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते आणि मास्तरांच्या कपाळावरून घाम थेट पॉलिशवर टपकत होता. बेसूर का होतंय ते त्यांना कळलं नव्हतं असं नाही. ते पहिल्याच चालीत कळलं होतं. पण ते बोलायचं कसं?

"अहो," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "घोडी पुढे आलीय."

मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"मोकळं वाजतंय ते बरोबर. दाबलं की सूर चढतोय. बाराव्या पडद्यावर तर चांगलाच," बायको म्हणाली आणि उठून पुढे आली. "तारा जरा सैल करा. घोडी मागे घ्या."

मास्तरांनी मुकाट्याने तारा सैल केल्या आणि घोडी सरकवली. तारा परत ताणून वाजवलं. बायको डोळे मिटून उभी होती.

"अजून."

सरकवली.

"अजून. थांबा, जास्त झालं. केसभर पुढे. जाड तारांकडून थोडी तिरकी. हं. आता बघा."

मास्तरांनी बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं. सूर असा लागला, की ग्रंथपालबाई आपोआप खाली बसल्या.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"लग्नापासून रोज ऐकतेय," ती म्हणाली. "आणि नोकरीत दुसरं केलं काय? खरखरीतून आवाजच ओळखले."

इतक्यात डॉक्टरांनी हात वर केला. दात काढताना पुढे वाकावं तसे ते वाकले होते. "सर, एक शंका. एकेक जोडी बदलली तर घोडी हलत नाही म्हणालात. मग तुमची कशी हलली?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. हवा कोरडी आहे, रिक्षाने हादरे दिले, अशी दोन-तीन उत्तरं त्यांच्या जिभेवर येऊन गेली. मग त्यांनी घसा साफ केला.

"सकाळी मी आठही तारा एकदम काढल्या."

"खाटकाच्या वाक्याखाली लिहू?"

"लिहा. ठळक लिहा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी वाजवायला घेतलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे हात असा मोकळा सुटला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बायको तिथेच, रंगमंचाच्या पायरीशी बसून ऐकत होती. लोकांनी आणखी दोन चाली वाजवायला लावल्या.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर खुर्चीत ताठ बसून राहिले. आता लोक येतील, नखीबद्दल विचारतील. लोक आले, पण त्यांना वळसा घालून पायरीकडे गेले. डॉक्टरांनी आपलं देखणं मेंडोलिन मास्तरांच्या बायकोपुढे छेडलं.

"तिसरी जोडी आपापसात भांडतेय," ती म्हणाली. डॉक्टरांनी खुंटी पिळली. "मिटलं."

मास्तरांना क्षणभर कसंसंच झालं. मग त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाने विचारलं, "या बाई कोण?" आणि मास्तरांची छाती दोन बोटं पुढे आली. "माझी बायको," ते म्हणाले. कुणी विचारलं नसतानाही त्यांनी ते आणखी चौघांना सांगितलं.

आठवड्याने वाचनालयाचं पत्र आलं. मास्तरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'आदरणीय बाई' या शब्दांवर अडखळले. विषय होता, 'सूर ऐकावा कसा'. बाईंनी ओळखून दाखवावेत म्हणून मुद्दाम चुकीचे सूर वाजवायला एक वादक लागणार होता.

तेव्हापासून घरात रोज सकाळी तालीम चालते. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी काळजीने दार वाजवलं.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना? इतकी वर्षं छान वाजवायचात, आणि हे चार दिवस अगदीच..."

"बेसूर?" मास्तरांचा चेहरा उजळला. "नक्की बेसूर वाटलं ना? ती म्हणते, अजून तेवढं जमत नाही." मग त्यांनी मान ताठ केली. "बाईंचं व्याख्यान आहे. मी साथीला आहे."