मुरलेलं ऑईल

बापूसो मगदूमांच्या दारातलं गवत गुडघ्याला लागलं होतं आणि आदितीला बघायला इचलकरंजीची मंडळी चार वाजता यायची होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं राजमतीकाकू सकाळपासून नवऱ्याला सांगत होत्या. पण मागचं स्थळ 'कळवतो' म्हणून गेलं ते गेलंच, आणि त्याचं खापर बापूसोंनी गवतावर फोडलं होतं. आदिती एकुलती एक. तिला कुणी नको म्हणेल हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे, त्यापेक्षा गवताचा दोष परवडत होता.

गवत वाढलं होतं ते काकूंच्या नेमामुळे. जैनांचं घर; चातुर्मासात गवतात जीव असतात, म्हणून दिवाळी होईपर्यंत गवत कापायच्या मशीनला हात लावायचा नाही. आता नेम संपला होता. काकूंनी स्टीलचं ताट वाजवत अंगणभर फेरी मारून किड्यामुंग्यांना रीतसर कल्पना दिली, आणि बापूसोंनी मशीनची दोरी ओढली. मशीन खोकलं, गुरगुरलं आणि गप्प झालं.

"ऑईल बदला की वो आता," कुंपणापलीकडून उदयसिंह म्हणाले. हे शेजारी. उचगावात त्यांच्याइतका फुकट आणि तत्पर सल्ला देणारा माणूस दुसरा नाही. "वर्साला बदलावं लागतंय त्ये."

"सात वर्सं झाली मशीन घिऊन. एकदा बी बदललं न्हाई. घोड्यागत पळतंय."

"काळं पडलं आसंल की."

"लोणचं काळं पडलं की तुमी टाकून देतासा व्हय? त्ये मुरतंय. मुरलेलं ऑईलच इंजिनला मानवतंय. बदला, बदला म्हणायला कंपनीचं काय जातंय? आन् पावसाळाभर मशीन उपाशी हाय. मग ऑईल खराब हुईल कशानं?"

उदयसिंहांना हे पटलं. सात वर्षांचा पुरावा समोर उभा होता.

खिडकीतून आदितीनं डोकं बाहेर काढलं. ती पुण्याहून कालच आली होती आणि साडी अर्धीच नेसून झाली होती. "आप्पा, बदलायचं नसंल तर ऱ्हाऊ दे. पण तसंच चालवू नका."

"तुला काय कळतंय त्यातलं? साडी नेस जा."

"आन् पावण्यांम्होरं 'येतो-जातो' करू नगंस," काकूंनी आतून आठवण केली. "'येते-जाते' म्हणायचं." आपल्याकडच्या पोरी पोरांसारखंच 'येतो, करतो' म्हणतात, पण सून बघायला आलेल्या माणसांचा काय भरवसा, असा काकूंचा हिशेब होता.

बापूसोंनी ऑईल मोजायची पट्टी काढून बघितली. टोकाला जेमतेम काळं लागलं होतं. बापूसो विचारात पडले. बदलणं म्हणजे हार मानणं. पण कमी पडलंय म्हटल्यावर वाढायला काय हरकत आहे? उदयसिंहांनी ट्रॅक्टरच्या ऑईलचा डबा कुंपणावरून दिला.

"पट्टीवर खूण हाय, तितपतच घाला," खिडकीतून पुन्हा आवाज आला.

"खूण बघून कुणी वाढतंय व्हय?" उदयसिंह म्हणाले. "घाला, पोटभर घाला."

बापूसोंनी घातलं. उदयसिंहांनी आग्रह केला, आणखी थोडं घातलं. जेवणारा माणूस ताटावर आडवा हात तरी धरतो. मशीनला बिचाऱ्याला हात नव्हते. ऑईल तोंडाशी आलं तेव्हाच यजमानांचं समाधान झालं.

बरीच ओढाताण झाल्यावर मशीन सुरू झालं. बापूसो खुशीत निघाले, तोच मागून पांढरा धूर यायला लागला. आधी थोडा, मग भसाभसा.

"पोटातला ग्यास निघतोय, निघू दे," उदयसिंह म्हणाले. "थांबवू नका, चालू ऱ्हाऊ दे."

बापूसोंनी थांबवलं नाही. अंगण भरलं, मग गल्ली भरली. लोकांना वाटलं, डासांची धुरळणी आली. सगळ्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या बयाबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि धुराकडे बघून ओरडल्या, "आमच्या गटारीकडं बी मारा की जरा, लई डास झाल्यात."

नेमकी याच वेळी इचलकरंजीची गाडी गल्लीत शिरली. घर कुठलं, दार कुठलं, काही दिसेना. आण्णासो चौगुले, त्यांच्या पत्नी आणि मुलगा वृषभ खोकत खाली उतरले. उदयसिंहांच्या पत्नी संयोगिता दारात होत्या. दारात खोकणारा माणूस दिसला की आधी पाणी द्यायचं आणि नाव मागून विचारायचं, ही आपली पद्धत. त्यांनी तिघांना आपल्याच घरात नेलं, पाणी दिलं, चहा दिला. मंडळी ऐसपैस बसली. बऱ्याच वेळानं आण्णासोंनी विचारलं, "मुलीला बोलवा की आता."

"मुलगी?" संयोगितावहिनी म्हणाल्या. "आमाला दोन्ही पोरंच की वो."

मग कुंपणावरून हाक गेली. "बापूसो, तुमचं पावणं आमच्यात चा पिऊन बसल्यात बगा."

मशीन तोवर आचके देत बंद पडलं होतं. धूर विरला तेव्हा जे दिसलं ते न दिसतं तर बरं होतं. एक पट्टा कापलेला, बाकी गवत गुडघाभर तसंच, आणि मधोमध नव्या सदऱ्यावर ऑईल उडालेले, काळ्या तोंडाचे बापूसो. हेही स्थळ आता गेलं, आणि या वेळी आपल्यामुळे गेलं, हे त्यांना कळून चुकलं. त्यांना नमस्कारसुद्धा सुचेना. राजमतीकाकूंना त्यांच्यावर चिडायचं होतं, पण तो चेहरा बघून चिडवेना.

आण्णासो मशीनभोवती एक चक्कर मारून आले. "ऑईल बदललंतं काय?"

"न्हाई," बापूसो पडेल आवाजात म्हणाले. "कवाच न्हाई. आज तेवढं वरनं नवं घातलं."

"बराबर हाय. बदलूच ने. माझी जीप घ्या, धा वर्सं झाली, ऑईल बदललं न्हाई. काय झालं? मुरतंय की त्ये."

बापूसोंनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या मताचा माणूस भेटत होता. "लोणच्यागत," ते भरून येऊन म्हणाले.

"आगदी लोणच्यागत. तुमी वरनं नवं घातलासा, तितं नासलं."

दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची होती, म्हणून काकूही पाहुणीला घेऊन घाईनं आत गेल्या. मुलगी बघायची राहिलीच.

मुलगी अंगणात होती. पदर खोचून तिनं मशीनखाली जुनी परात सरकवली आणि खालचा बोल्ट ढिला केला. वृषभ आत जायचा सोडून तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"पाना सराईत चालतोय तुमचा," तो म्हणाला. "पयल्यांदा करताय आसं वाटत न्हाई."

आदितीनं घराकडे नजर टाकली. "आई-आप्पा दिवाळीत कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जात्यात," ती हळूच म्हणाली. "तवा दर वर्साला मीच बदलतो. औंदा रजा मिळाली न्हाई." आईची शिकवण तिच्या ध्यानातही राहिली नाही.

"म्हंजे सात वर्सं...?"

"आप्पास्नी सांगू नका. त्यांचा लई विश्वास हाय त्या ऑईलवर."

वृषभ हसायला लागला. हसता हसता खालीच बसला. आदितीला राग यायच्या बेतात होता.

"तुमाला हसत न्हाई वो," तो डोळे पुसत म्हणाला. "आण्णांची जीप. पर्युषणात आण्णा धा दिवस देवळातच आसत्यात. तवा मी बदलतो."

आतून आण्णासोंचा आवाज आला, "आमचं पोरगं सारखं बदला, बदला म्हणतंय. त्याला काय कळतंय?" त्यावर बापूसो म्हणाले, "आमची बी तसलीच."

परातीत शेवटची काळी धार पडत होती. दोघं ती बघत बसले.

"पर्युषण आधी येतंय," वृषभ म्हणाला. "दिवाळी मागनं. आधी आमच्यात, मग तुमच्यात. दोन्ही जमतंय की, तुमची ना नसंल तर."

आदितीनं बोल्ट बसवला, घट्ट आवळला आणि पाना त्याच्या हातात दिला. "जमतंय," ती म्हणाली.

"आदिती," काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "पावणं वाट बघत्यात."

"आलो," दोघं एकदमच म्हणाले.